पस्तावा इंग्रजीत सांगताना

माझी थोरली मुलगी नर्स आहे. कळंबोलीच्या एका दवाखान्यात तिने चार वर्षं अतिदक्षता विभागात काढली, मग परदेशातल्या नोकरीसाठी अर्ज केला, मुलाखत दिली आणि तिकडच्या लोकांनी तिला घ्यायचं कबूलही केलं. अट एकच उरली होती. इंग्रजीच्या परीक्षेत प्रत्येक भागात ठरावीक गुण हवेत. लिहिणं, वाचणं आणि ऐकणं या तिन्हींत तिला हवे त्याहून जास्त मिळाले. बोलण्यात अर्धा गुण कमी पडला. ती दुसऱ्यांदा बसली, तेव्हाही तोच अर्धा. तिसऱ्या खेपेला महिनाअखेरच्या आत बसायचं होतं, नाहीतर ती जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती.

ज्या मुलीला पेशंटचे नातेवाईक चार भाषांत भांडले तरी उत्तर देता येतं, ती बोलण्यात कमी पडते, हे मला पटेना. मी म्हणालो, परीक्षेतच काहीतरी गडबड असेल. पनवेलमध्ये माझं पंखे आणि पाण्याच्या मोटरी रिवाइंड करायचं दुकान आहे. मोटर चालली नाही तर मी आधी वीजमंडळाला दोष देतो, ही माझी जुनी सवय. मुलीने मला समजावलं. सुरुवातीचे प्रश्न सोपे जातात, म्हणाली, पण शेवटी शेवटी परीक्षक मागच्या गोष्टींकडे वळतात. तुम्हाला कशाची खंत वाटते, तेव्हा वेगळं काय करता आलं असतं, तसं केलं असतं तर काय झालं असतं. तिथे तिची गाडी बंद पडायची. दोन्ही वेळा तिने क्लासमध्ये पाठ केलेलं एकच वाक्य टाकलं होतं, की मी शाळेत जास्त अभ्यास करायला हवा होता. आता ही मुलगी पहिलीपासून पहिल्या तिनातली. माझाही त्या वाक्यावर विश्वास बसला नसता, परीक्षकाचा कसा बसावा?

क्लासच्या सरांनी तिला सांगितलं की व्याकरण नीट आहे, पण तुझ्या बोलण्यात कुणी माणूस दिसत नाही. खरी गोष्ट सांग. तुझी नसेल तर घरातली सांग. पण खरी.

त्या संध्याकाळी ती वही घेऊन हॉलमध्ये बसली आणि म्हणाली, "पस्तावे सांगा सगळ्यांनी. मी इंग्रजीत करते."

आम्ही करंजाड्याला राहतो. घरात मी, बायको, मुलगी आणि माझी आत्या, जिला मुलगी आजी म्हणते. धाकटा मुलगा नोकरीसाठी पुण्याला असतो, तो या गोष्टीत नाही. मुलीने आधी आम्हाला शिकवणी दिली. शुड हॅव म्हणजे करायला हवं होतं आणि केलं नाही. कुड हॅव म्हणजे करता आलं असतं. माइट हॅव म्हणजे कदाचित झालंही असतं, देव जाणे. मला गंमत वाटली. आमच्या घरात हे सगळं एका 'असतं'मध्ये आटपतं आणि उरलेलं काम सुस्कारा करतो. इंग्रजांनी त्याला तीन वेगळे खण केलेत. माणसाने उघडताना नीट बघून उघडावं.

माझ्याकडे माल भरपूर होता. मी सांगत सुटलो. जुनी स्कूटर विकायला नको होती. स्टेशनजवळचा गाळा बघून ठेवला होता तो घ्यायला हवा होता. डावा गुडघा दुखू लागला तेव्हाच डॉक्टरकडे जायला हवं होतं. मुलगी लिहीत गेली. थोड्या वेळाने तिने पेन खाली ठेवून विचारलं की यातलं एखादं दोन मिनिटं बोलता येईल असं आहे का. गुडघ्यावर मी दहा मिनिटं बोललो असतो, पण कुणी विचारलं नाही.

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. ती म्हणाली, "माझं एक लिही. आईला तेव्हा नाही म्हणता आलं असतं."

"कशाला नाही?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि पुढची घडी घेतली.

"मग कुड हॅव का शुड हॅव, आई?"

तिने जरा विचार केला. "आज कुड हॅवच लिही. उद्याचं उद्या बघू."

मग मी माझी ठेवणीतली गोष्ट काढली. आमच्या नात्यात एकही हळद अशी झाली नसेल, जिथे ही गोष्ट मी सांगितली नाही. जेवणं झाली, की कुणीतरी म्हणणारच, ती उघाडीची सांग. मी आधी नको नको म्हणायचो आणि मग सांगायचो. आता वहीत लिहायची म्हणून पहिल्यापासून सांगितली.

आमचं गाव पनवेलच्या खाडीला लागून होतं. होतं म्हणतो, कारण आता तिथे मातीचा भराव आहे. खाडी आणि भातशेतं यांच्या मध्ये एक बांध होता, आणि बांधात उघाडी, म्हणजे पाण्याचं दार. त्या दाराला लाकडी फळी. ओहोटीला फळी काढायची, म्हणजे शेतात साचलेलं पावसाचं पाणी खाडीत उतरतं. भरती लागायच्या आत फळी टाकायची, म्हणजे खाडीचं खारं पाणी शेतात शिरत नाही. दार एक आणि शेतं सहा घरांची, म्हणून पाळी लावलेली असायची, आठवड्याला एक घर. ज्याची पाळी त्याने फळी सांभाळायची, आणि ओहोटीला दाराच्या तोंडाशी जाळं लावून मिळेल ती मासळी त्याची. भरतीला मात्र फळीला हात लावायचा नाही. हा नियम लहान मुलांनाही पाठ होता.

मी अठरा वर्षांचा होतो. श्रावण संपत आला होता, अमावास्येचं उधाण होतं आणि पाळी आमच्या घराची. वडील सकाळीच कामाला बाहेर गेलेले, जाताना फळीचं मला बजावून गेले. मला पनवेलला सिनेमाला जायचं होतं. सकाळी सातच्या सुमाराला मी बांधावर गेलो आणि तिथूनच परस्पर एसटी पकडली. दुपारी तीनला परत आलो तर सगळं गाव बांधावर. लावलेलं भात खाऱ्या पाण्यात उभं होतं. आमचं आणि शेजारच्या दोन घरांचं. वडलांनी मला विचारलं, "फली टाकली व्हती का?" मी म्हणालो, टाकली. मग म्हणालो, टाकली असणार. मग त्यांचा चेहरा बघून म्हणालो, बहुतेक राहिली. एका दमात तीन उत्तरं दिली आणि वडलांनी तिसरं धरलं.

हळदीत मी इथे थांबायचो, कारण इथे लोक हसायचे. त्यानंतर वडलांनी पुढच्याच आठवड्यात मला आयटीआयला कसं घातलं, हा पोरगा शेतात ठेवला तर उरलेलं गावही बुडवील असं ते सगळ्यांना कसे सांगायचे, ते मी त्यांच्या आवाजात करून दाखवायचो. लोक आणखी हसायचे. आत्या मात्र नेमकी त्याच वेळी पाणी आणायला उठायची. मला वाटायचं, तीच गोष्ट किती वेळा ऐकणार बिचारी. खरं सांगायचं तर गोष्ट सांगणारा म्हणून मला ते थोडं लागायचंही.

मुलगी खूश झाली. यात शुड हॅव आहे, कुड हॅव आहे, माइट हॅव आहे, म्हणाली, आणि पप्पा, यात तुम्ही पण आहात. पुढचे तीन दिवस ती ड्युटीवर जाताना, येताना, भांडी लावताना तेच बोलत होती. माय फादर शुड हॅव क्लोज्ड द गेट. घरात इतक्या वेळा ते वाक्य झालं, की शेवटी दूधवाल्याने दाराबाहेरून विचारलं, कुठलं गेट.

रविवारी दुपारी आत्या भिजवलेले वाल सोलत जमिनीवर बसली होती. मी समोर पेपर घेऊन, म्हणजे झोपेत. मुलगी येरझाऱ्या घालत बोलत होती. आत्याने तिला विचारलं की तीन दिवस तू हे काय पुटपुटतेस, बापाचं नाव त्यात येतं का. मुलीने तिला मराठीत सांगितलं, की पप्पांनी त्या दिवशी फळी टाकायला हवी होती, असं आहे ते.

आत्याने हातातला वाल सोलून वाटीत टाकला.

"टाकली व्हती त्यानी."

मी डोळे उघडले. मुलगी म्हणाली, "काय?"

"फली. टाकली व्हती त्यानी सकालीच. मी बघितली. मंग मी गेली न् उचलली. चार बोटां फक्त. भरतीच्या पान्यासंगती कोलंबी आत येते ना, म्हनून. मंग ती खाली जायनाच. पान्यानी धरून ठेवली." तिने पुढचा वाल घेतला. "लई दाबली मी. अंगावर भार टाकला. नाय गेली."

बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती.

मी उठून गॅलरीत गेलो. असं काही ऐकल्यावर मनात काय येतं, यावर लोक मोठमोठं बोलतात. माझ्या मनात पहिलं काय आलं ते कबूल करतो. माझी गोष्ट गेली. पस्तीस वर्षं ज्या चुकीवर मी माणसं हसवली, ती चूक माझी नव्हतीच. वेंधळा म्हणून सगळ्या नात्यात माझं जे नाव होतं, ते मी कमावलेलं नव्हतं. दुसरं आलं ते वडलांचं. ते जाऊन आठ वर्षं झाली. आता त्यांना सांगायचं म्हटलं तरी सांगणार कुठे. तिसऱ्या विचाराला मात्र मला वेळ लागला आणि तोवर आत्या वाटी घेऊन गॅलरीच्या दारात आली.

आत्या वडलांची धाकटी बहीण. त्याच वर्षी शिमग्याच्या आधी ती सासर सोडून आमच्याकडे आली होती. का, ते आमच्या घरात कधी कुणी विचारलं नाही. तिच्या हातावरचे डाग मी बघितले होते. घरात ती सगळ्यांच्या आधी उठायची आणि सगळ्यांच्या नंतर जेवायची. ती म्हणाली की भावाच्या घरात फुकट बसून खाते असं कुणी म्हणायला नको, म्हणून कोळंबी. बाकी काही नाही.

मी विचारलं, "मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"बोलली असती तं ज्यांची शेतां गेली त्यांनी दुसऱ्या दिशी मना सासरी धाडाला लावला असता. तुज्या बापाचा कोनी ऐकला नसता." ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "तुला कोन काय करनार व्हता? तू पोरगा. दोन शिव्या खाल्ल्या असत्या न् जेवून झोपला असता. तसाच झाला ना?"

तसंच झालं होतं. मला आठवतं, त्या रात्री मी दोनदा भात घेतला होता.

"पन सांगाला पायजे व्हता," ती म्हणाली. "मागून तरी. दर हलदीला बोलायची, आज सांगू. मंग तू सांगाला बसायचा न् सगली हसायची. हसत्यात तं ऱ्हाऊ दे."

हा तिचा शुड हॅव. पस्तीस वर्षं तो तिने एकटीने सांभाळला आणि आम्ही तिच्यासमोर बसून टाळ्या देत होतो.

आयटीआयची दोन वर्षं मी पनवेलला मामाकडे राहायचो. दर रविवारी आत्या डबा घेऊन यायची. तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी. म्हणायची, बाजाराला आले होते, जाता जाता दिला. मी डबा घ्यायचो, मित्रांत वाटून खायचो आणि ती कुठला बाजार करायला आली, हे कधी विचारलं नाही. दोन वर्षांत एक रविवार चुकला नाही. त्या दिवशी गॅलरीत मला पहिल्यांदा लक्षात आलं की तिच्या हातात बाजाराची पिशवी कधीच नसायची. मामी मला शेवटी शेवटी जरा टाकून बोलायला लागली होती. तो डबा नसता तर मी आयटीआय अर्ध्यात सोडून गावी आलो असतो, यात मला शंका नाही. आणि आयटीआय नसतं तर पुढचं काहीच नसतं. हे दुकान, आणि दुकानात सासऱ्यांनी दुरुस्तीला आणलेला टेबलफॅन, ज्याच्यामुळे मी जावई झालो. बायकोचं कुड हॅव मी इथे धरत नाही.

मी आत्याला एवढंच म्हणालो, की आता मी हळदीत काय सांगायचं.

"दुसरी सांग," ती म्हणाली. "चुका काय कमी केल्यास?"

परीक्षेला पाच दिवस होते. मुलगी आत्याजवळ जाऊन बसली आणि तिने विचारलं की हे मी परीक्षेत सांगितलं तर चालेल का. नको असेल तर पप्पांचं जुनंच सांगते. मला वाटलं, आत्या नाही म्हणेल. तिने आधी चौकशी केली. परीक्षा घेणारी आपल्या गावची आहे का? नाही. पनवेलची? नाही. तिला मराठी कळतं? बहुतेक नाही.

"मंग सांग," आत्या म्हणाली. "पन आधी मना सांगून दाखव."

तिला इंग्रजीचं एक अक्षर कळत नाही. तरी पाचही दिवस मुलगी तिच्यासमोर बसून बोलली आणि आत्या हनुवटीला हात लावून सगळं ऐकायची. संपलं की तपासायची. "चार बोटां सांगितलीस का?" हो, फोर फिंगर्स. "कोलंबी?" तेही आहे. "दाबली लई, ता?" एक दिवस ते राहिलं होतं. आत्याने तिला पहिल्यापासून पुन्हा सांगायला लावलं. मी मध्ये एकदा उच्चार सुधारायला गेलो, तर दोघींनी मला दुकानात जायला सांगितलं.

परीक्षेचं केंद्र मुंबईत होतं. मी तिच्याबरोबर गेलो आणि जिन्यात तिची पर्स धरून बसलो. ती बाहेर आली तेव्हा चेहऱ्यावरून काही कळेना. रस्त्याला लागल्यावर तिने सांगितलं. परीक्षक एक बाई होत्या, बहुधा केरळच्या. वाक्यं चुकली, म्हणाली. दोन ठिकाणी भूतकाळच घसरला. पण थांबले नाही, पप्पा. बाईंनी शेवटी विचारलं की तुझ्या मते तुझ्या आजीने काय करायला हवं होतं. हा प्रश्न आम्ही घरात धरलाच नव्हता. तिने सांगितलं, की सांगायला हवं होतं. आणि तेव्हा तिला सांगता आलं नसतं. दोन्ही खरं आहे. तिने सांगितलं असतं तर कदाचित माझे वडील गावातच राहिले असते, आणि मी इथे तुमच्यासमोर बसले नसते.

"मग त्या काय म्हणाल्या?"

"थँक यू म्हणाल्या. ते सगळ्यांनाच म्हणतात."

परतताना आम्ही दोघांनी वडापाव खाल्ला आणि परीक्षेवर एक शब्द बोललो नाही. पुढचे दहा-बारा दिवस घरात सगळे फार चांगलं वागले. बायकोने मला दोनदा न मागता चहा दिला. मी दुकानात एका मोटरीची तार उलटी गुंडाळली आणि पुन्हा उलगडून बसलो. एवढी वर्षं काम केल्यावर असं होऊ नये, पण चूक नक्की माझीच होती, याचं त्या दिवशी बरं वाटलं.

निकाल सकाळी आला. मुलगी ड्युटीवरून येऊन नुकतीच टेकली होती. तिने फोन बघितला, बायकोकडे दिला, बायकोने माझ्याकडे दिला. हवे होते त्याहून अर्धा गुण जास्त. बायको रडायला लागली, म्हणून मी चष्मा पुसायला घेतला. मुलगी उठून आत्याच्या पाया पडायला गेली.

आत्याने तिला मध्येच धरलं. "मंग ते मार्क कोनाचे?"

"आपल्या दोघींचे, आजी."

"तुज्या बापाचे पन थोडे धर. शिव्या त्यानी खाल्ल्यान."

आमच्या घरात आभार मानायची पद्धत नाही. कुणी मानले तर माणूस आजारी आहे का असं विचारतात. म्हणून मी त्या दिवशी दुकान बंद ठेवलं आणि आत्याला विचारलं, तुला कुठे जायचंय का. ती म्हणाली, उरणला, बंदरावर, नुसतं बसायला. आम्ही गेलो. ती दोन तास बसली. मीही बसलो. तिने एकदाच विचारलं की भूक लागली का, आणि मी हो म्हणालो.

आता मुलीची तयारी चालली आहे. कागद, सह्या, लसी, मोठी बॅग. हे कळल्यावर आमच्या वरच्या मजल्यावरची मुलगी खाली आली. तीही नर्स आहे, तीही त्याच परीक्षेला बसते आहे आणि तिचेही बोलण्यात गुण कमी पडले आहेत. ती आत्याच्या समोर जमिनीवर बसली आणि तिने फार अदबीने विचारलं, आजी, मला पण एखादा पस्तावा द्या ना, खरा.

आत्याने तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"माज्याकडं एकच व्हता गो. तो आमच्या पोरीनी नेला."